सोलापुरात राहून मिनी-कॉमिक काढायचं तर: कागद, फुगे, पिना आणि हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात डिझाइनची नोकरी, संध्याकाळी चित्रकथा. तीन छोट्या कथा काढून तयार आहेत, प्रकाशक मिळत नाही. प्रेसवाला म्हणतो, 'हजार प्रती काढा, एक प्रत एकदम स्वस्त पडेल.' तर किती छापाव्यात, कशा छापाव्यात, आणि नोकरी सोडून यावर राहता येईल का?

हजार काढू नका. पन्नास काढा. आणि नोकरी सध्या सोडू नका.

प्रेसवाल्याचं गणित चुकीचं नाही. ऑफसेटला प्लेट करणं आणि मशीन जुळवून घेणं हा खर्च शंभर प्रतींना जेवढा तेवढाच हजारांना, म्हणून प्रती वाढल्या की एका प्रतीचा भाव उतरतो. पण त्यात सगळ्या हजार प्रती विकल्या जातील हे गृहीत धरलेलं आहे. पहिल्या पुस्तकात चुका हमखास निघतात. संवादाच्या फुग्याची शेपटी भलत्याच माणसाकडे वळलेली असते, चौकटींचा क्रम वाचकाला कळत नाही, नाहीतर शेवट फक्त काढणाऱ्याला समजतो. पन्नास प्रतींत ती चूक नऊशे रुपयांची असते आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्त होते. हजार प्रतींत ती वर्षानुवर्षं पलंगाखाली पडून राहते. छापायचं, वाचणाऱ्याचा चेहरा बघायचा, दुरुस्त करून पुन्हा छापायचं, ही सोय फक्त छोट्या आवृत्तीत आहे आणि मिनी-कॉमिकचा, म्हणजे स्वतः काढून स्वतःच छापलेल्या छोट्या चित्रकथा-पुस्तकाचा, सगळा फायदा तिथेच आहे.

तीन कथांपैकी सर्वांत छोटी आधी घ्या आणि ती एका ए-४ कागदात बसवा. कागद आडवा धरून उभ्या चार आणि आडव्या दोन अशा आठ चौकोनांत घड्या घाला. एक चौकोन साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटरचा होतो. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३ ही पानं सरळ काढायची. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४ ही पानं उलटी, म्हणजे डोकं खाली करून. मग मधल्या आडव्या घडीवर पहिल्या उभ्या घडीपासून तिसऱ्या उभ्या घडीपर्यंतच काप द्यायचा. दोन्ही टोकं धरून आत ढकलली की आठ पानांचं पुस्तक तयार होतं. पिन नाही, एकाच बाजूची छपाई, एका प्रतीला दोन-तीन रुपये. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे काप कडेपर्यंत जातो आणि कागदाचे दोन तुकडे होतात. दुसरी चूक म्हणजे घड्या घाईत, कागद हातात धरून घातल्या जातात. टेबलावर ठेवून, स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घडी दाबा. मिलिमीटरभर सरकलेली घडी आठव्या पानापर्यंत तीन मिलिमीटर होते आणि मुखपृष्ठावर शेजारच्या पानाची काळी कड डोकावते.

हे एकपानी पुस्तक फुकट वाटायला किंवा पाच-दहा रुपयांना द्यायला उत्तम. खरं मिनी-कॉमिक मात्र १६ पानी, ए-५ आकाराचं, मध्ये पिन मारलेलं. चार ए-४ कागद दुमडून एकात एक घातले की १६ पानं होतात, वर वेगळं मुखपृष्ठ. पिन मारलेल्या पुस्तकाची पानं नेहमी चारच्या पटीत लागतात. कथा १४ पानांत संपत असेल तर उरलेल्या दोन पानांचं काय करायचं ते आधीच ठरवा, छापखान्यात उभं राहून नको.

पानांची जुळणी: एका कागदाच्या एका बाजूवर जी दोन पानं शेजारी येतात त्यांच्या आकड्यांची बेरीज एकूण पानांपेक्षा एकनं जास्त. १६ पानांना बेरीज १७. पहिला कागद १६-१, त्याच्या पाठीला २-१५. दुसरा १४-३, पाठीला ४-१३. तिसरा १२-५, पाठीला ६-११. चौथा १०-७, पाठीला ८-९. संगणकावर अ‍ॅक्रोबॅट रीडरसारख्या पीडीएफ वाचकात 'बुकलेट' हा पर्याय हे आपोआप करतो. पण एकदा कोऱ्या कागदांची डमी करून त्यावर पेन्सिलीनं पानांचे आकडे घाला आणि कागद सुटे करून बघा. पाच मिनिटं लागतात. ८ आणि ९ ही पानं एकाच कागदावर सलग येतात हे डमीतच डोळ्यांना दिसतं, म्हणजे दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र कुठे टाकायचं हेही कळतं. इतरत्र टाकलंत तर ते वेगवेगळ्या कागदांवर जाईल आणि मधली रेघ जुळणार नाही.

आता चित्र आणि अक्षर. मराठी चित्रकथा सर्वांत जास्त अक्षरांत बिघडते, म्हणून इथे थोडं थांबू या.

ए-५ पुस्तकासाठी मूळ चित्र ए-४ वर काढा. झेरॉक्सवर ७१ टक्के केलं की ए-४ बरोबर ए-५ होतं. थोडं लहान झाल्यावर रेषेतला हात थरथरलेला दिसत नाही. पण याच टक्क्यांत रेषा बारीक होते आणि अक्षर लहान होतं. ०.१ च्या पेनानं काढलेली रेषा झेरॉक्समध्ये तुटते. मूळ चित्रात ०.३ पेक्षा बारीक रेषा नको. हातानं लिहीत असाल तर शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मूळ कागदावर ४ मिलिमीटर ठेवा. छापल्यावर ती पावणेतीनच्या आसपास येते आणि वाचता येते. ओळीतलं अंतर शिरोरेषेपासून शिरोरेषेपर्यंत किमान ९ मिलिमीटर. इंग्रजी कॉमिक बघून फुगे आखणारे इथेच फसतात. रोमन मोठ्या अक्षरांच्या वरखाली काही नसतं. आपल्याकडे वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, रकार, जोडाक्षरांचे पाय. ओळी जवळ आणल्या की वरच्या ओळीतला 'कृ' खालच्या ओळीतल्या 'कौ'च्या मात्रेत अडकतो.

म्हणून क्रम असा ठेवा: पेन्सिलीनं चौकट आखल्यावर आधी मजकूर लिहा, मग मजकुराभोवती फुगा काढा, मग उरलेल्या जागेत माणसं बसवा. फुगा आधी काढला की शेवटचा शब्द कडेला दाबला जातो आणि वाचकाला तो दाबलेलाच वाटतो. एका शब्दाची शिरोरेषा शेवटी एका ओढीत मारा आणि दोन शब्दांत निदान अर्ध्या अक्षराची जागा सोडा, नाहीतर कमी झाल्यावर दोन शिरोरेषा जुळतात आणि 'तो गेला' चं 'तोगेला' होतं. ए-५ पानावर एका ओळीत तीन चौकटी असतील तर एका फुग्यात एका ओळीला आठ-नऊ अक्षरं मावतात. याचा अर्थ वाक्यच लहान करायला हवं. उदाहरण घ्या. 'तू इथे बसून नेमकं काय करत आहेस?' हे वाक्य चार ओळी खातं. सोलापुरी माणूस असं बोलतही नाही. 'काय करायलास बे?' दोन ओळींत बसतं, बोलणारा कुठला आहे, समोरच्याशी त्याचं काय नातं आहे, सगळं कळतं. सोलापुरी बोली फुग्यासाठी फार सोयीची आहे. तिला शुद्ध करून तिचं नुकसान करू नका. फक्त 'बे' कोण कोणाला म्हणतो याचं भान ठेवा. दोस्तांत चालतं, मुलगा बापाला म्हणत नाही.

संगणकावर अक्षरं बसवणार असाल तर युनिकोड फॉन्टच वापरा, मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' देणारा. छापील आकार ए-५ ला ९ ते १० पॉइंटच्या खाली नको. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी लेआउट' निवडलेलं नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. हमखास बिघडणारं दुसरं अक्षर म्हणजे 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यातला अर्धा र. त्याचा रफार होऊन 'दुसर्या' छापलं जातं. पीडीएफ करताना अक्षरांचं रेषांमध्ये रूपांतर करा, म्हणजे झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी फरक पडणार नाही. रूपांतर करण्यापूर्वीची फाइल वेगळी जपून ठेवा. दुसऱ्या आवृत्तीत शुद्धलेखन सुधारताना तीच लागते.

सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही कानावर पडते. पूर्व भागात तर एका गल्लीत तिन्ही. त्यामुळे फुग्यांतला मजकूर चित्रापासून वेगळ्या थरावर ठेवलात तर तेच पुस्तक दुसऱ्या भाषेतही काढता येतं. तेलुगू-कन्नड अक्षरं गोलसर आणि रुंद, म्हणून फुगे वीसेक टक्के मोठे ठेवावे लागतील. उर्दूचं प्रकरण वेगळं आहे. पुस्तक उजवीकडून उघडतं, चौकटींचा क्रमही उलटा. पूर्ण पान आरशासारखं फिरवलं तर सगळी माणसं डावखुरी होतात आणि पाट्यांवरची अक्षरं उलटतात, म्हणून पान फिरवण्याऐवजी चौकटी सुट्या करून नव्यानं मांडाव्यात. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एखादं पुस्तक बिनशब्दांचं काढणं. शि. द. फडणीसांनी शब्दांशिवाय हसवायची वाट मराठीत केव्हाच मळवून ठेवली आहे. बिनशब्दांचं पुस्तक पुण्यात, हैदराबादेत, कुठंही टेबलावर ठेवता येतं.

शाईचं काम करताना एक गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा लवकर जमेल. जेकार्डच्या, म्हणजे नक्षीदार विणकामाच्या, ग्राफवर एका चौकोनात धागा वर असतो किंवा खाली, मधलं काही नसतं. झेरॉक्सचंही तसंच, काळं किंवा पांढरं. पेन्सिलीची करडी छटा, पाण्यानं पातळ केलेली शाई, फोटो हे झेरॉक्समध्ये चिखल होतात. छटा हवी तर रेघांनी किंवा ठिपक्यांनी द्या, आणि रेघांमधलं अंतर मूळ कागदावर मिलिमीटरभर तरी ठेवा. मोठे काळे भाग टोनर कमी असेल तर पट्टेरी छापले जातात. रात्रीचं आकाश पूर्ण काळं भरण्यापेक्षा आडव्या जाड रेघांनी भरलं तर छापतानाही बरं आणि दिसायलाही.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, कागद कार्ट्रिज किंवा आयव्हरी, ब्रश गोल टोकाचा २ किंवा ३ नंबरचा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टाकाच्या निबवर शाई वाळून गोळा होते आणि घामेजलेला तळहात रेषा पुसतो. हाताखाली एक सुटा कागद ठेवा, निब दर दहा मिनिटांनी ओल्या फडक्यानं पुसा, पंखा थेट कागदावर सोडू नका. स्कॅन ६०० डीपीआयला, करड्या रंगात करा आणि नंतर शुद्ध काळं-पांढरं करा. ३०० डीपीआयला केलेल्या स्कॅनमध्ये अक्षरांच्या कडा छापल्यावर दातेरी दिसतात.

झेरॉक्सच्या दुकानात जे बिघडतं त्यातलं निम्मं चार वाक्यांत टळतं. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर पीडीएफ न्या. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद करून 'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडायला सांगा, नाहीतर पान थोडं आक्रसतं आणि सगळ्या कडा सरकतात. दोन्ही बाजूंच्या छपाईत 'शॉर्ट एज'वर पलटायला सांगा. 'लाँग एज' राहिलं तर प्रत्येक कागदाची पाठ उलटी छापली जाते, आणि हे पन्नास प्रती निघाल्यावर लक्षात येतं. म्हणून आधी एकच पूर्ण प्रत काढा, तिथेच उभं राहून दुमडा, पानं उलटून बघा, मग बाकीच्या ४९ सांगा.

मशीन कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर छापतच नाही. चित्र कडेपर्यंत न्यायचंच असेल तर मोठ्या कागदावर छापून कापावं लागतं आणि चित्र कापाच्या रेषेबाहेर ३ मिलिमीटर वाढवून काढावं लागतं. पहिल्या दोन-तीन पुस्तकांना या भानगडीत पडू नका. चारही बाजूंनी ८ मिलिमीटर पांढरी कड ठेवा आणि घडीच्या बाजूला १०.

वेळही निवडा. परीक्षांच्या दिवसांत आणि जूनमध्ये शाळा-कॉलेजं उघडताना झेरॉक्सच्या दुकानात तुमच्या पुस्तकाकडे कोणी लक्ष देणार नाही. लग्नसराईत आणि निवडणुकीत प्रेसचं कटिंग मशीन रिकामं मिळत नाही. दुपारी दोन ते चार जा, शक्यतो दर वेळी त्याच दुकानात त्याच माणसाकडे. त्याला एक प्रत सहीनिशी द्या. पुढच्या वेळी टोनर कमी असेल तर तो आपणहून सांगेल.

शाळांच्या प्रश्नपत्रिका जिथे निघतात तिथे रिझो मशीन असतं, तेही ध्यानात ठेवा. त्यात आधी मास्टर, म्हणजे छपाईचं स्टेन्सिल, बनतो, म्हणून पाच-दहा प्रतींना महाग आणि शंभराच्या पुढे झेरॉक्सपेक्षा स्वस्त. रेषा छान ठसठशीत येते. पण शाई कागदात मुरते, पूर्ण वाळत नाही, बोटाला लागते. गुळगुळीत आर्ट पेपरवर ती चालतच नाही, साधा बिनचकाकीचा मॅपलिथोच हवा, आणि छापल्यावर एक रात्र तरी ढीग न दाबता ठेवावा लागतो.

आतला कागद ८० जीएसएम (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम). ७० वर पाठीमागचं काळं दिसतं. मुखपृष्ठाला पहिल्या पुस्तकासाठी रंगीत ए-४ कागद, त्यावर काळी छपाई. पिवळ्या किंवा गुलाबी कागदावरचा काळा ठसा टेबलावर लांबूनही दिसतो. रंगीत छपाईचं जाड आर्ट कार्ड घेणार असाल आणि ते १७० जीएसएमच्या वर असेल तर दुमडण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच, करून घ्या. न करता दुमडलं की घडीवर टोनर तडकतो आणि कण्यावर पांढरी भेग पडते.

पिनिंगला लाँग आर्म स्टेपलर लागतो, साध्याचा हात कण्यापर्यंत पोहोचत नाही. तो नसेल तर साधा स्टेपलर उघडा, कागद थर्माकोलवर पालथा ठेवा, म्हणजे मुखपृष्ठ वर, आणि घडीवर पिन टोचा. मग उलटवून पिनेचे पाय फूटपट्टीनं आत दाबा. दोन पिना, वरून आणि खालून साधारण चार-चार सेंटिमीटरवर. पिन घडीच्या बाजूला मिलिमीटरभर जरी गेली तरी पुस्तक नीट मिटत नाही. कागद एकात एक घातले की आतला बाहेर येतो. चार-पाच कागदांना ते जाणवत नाही. आठ कागदांना, म्हणजे ३२ पानांना, जवळपास मिलिमीटरभर बाहेर येतो आणि बाइंडरकडे कड कापून घ्यावी लागते. तेव्हा पानांचे आकडे कडेला लागून असतील तर ते कापले जातात.

आता पैसे. झेरॉक्सची एक बाजू दीड रुपया धरली तर आतल्या चार कागदांच्या आठ बाजू १२ रुपये, मुखपृष्ठ ४, पिन आणि काप २, एकूण १८. पन्नास प्रती ९०० रुपये. तुमच्या दुकानातला दर वेगळा असेल तर तो घाला, पण किंमत खर्चाच्या तिपटीच्या जवळ ठेवा, इथे ५० रुपये. तिपटीचं कारण दुकानदार. पुस्तकविक्रेता साधारण ३० ते ४० टक्के ठेवतो. ४० धरले तर तुम्हाला ३० मिळतात, खर्च जाऊन १२ उरतात. किंमत ३० ठेवली असती तर दुकानात विकलेल्या प्रत्येक प्रतीवर शून्य. पन्नासपैकी ५ भेट, २५ हातोहात, २० दुकानातून गेल्या, तर १२५० आणि ६०० मिळून १८५० येतात, खर्च वजा जाता ९५०.

एका पानाला आराखडा, पेन्सिल, शाई, अक्षरं मिळून सहा तास लागतात असं धरा. १६ पानांना ९६ तास. म्हणजे तासाला दहा रुपये. नोकरी सोडू नका म्हणायचं कारण हा आकडा. पण आकडा लहान आहे म्हणून काम लहान ठरत नाही. पैसा मिनी-कॉमिकच्या विक्रीतून कमी आणि ते दाखवून मिळणाऱ्या कामांतून जास्त येतो: संस्थांच्या माहितीपत्रिका, शाळांमधल्या चित्रकथा कार्यशाळा, पुस्तकांची सजावट, दिवाळी अंक. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठीत चित्रकाराला दरवर्षी एक हंगाम मिळतो. त्यासाठी चित्रं मे ते जुलैमध्ये पाठवा, गणपतीनंतर जागा उरत नाही. सोबत दोन मिनी-कॉमिक जोडा. पूर्ण केलेलं छापील पुस्तक संपादकाला जे सांगतं ते सुट्या चित्रांनी सांगता येत नाही: हा माणूस काम तडीला नेतो.

रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला सव्वा पान. १६ पानांना तीन महिने. वर्षाला तीन पुस्तकं झाली तर उत्तम चाललंय. चित्रांतून येणारं उत्पन्न सलग अठरा महिने घरखर्चाच्या निम्म्यावर टिकलं की मग नोकरीत अर्धवेळ मागून बघा.

विक्री सोलापुरात कुठे? पहिल्या पन्नास प्रतींसाठी ऑनलाइन दुकान उघडू नका. कॉलेजांची चित्रकला आणि वाङ्मय मंडळं, व्याख्यानाच्या दिवशी हुतात्मा स्मृती मंदिराबाहेरची गर्दी, नवी पेठेतली पुस्तकांची दुकानं, तुमच्या कारखान्यातला डबा खाण्याचा घोळका. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, पण तिथला गाळा एकट्या माणसाला परवडत नाही. आधीच जागा घेतलेल्या पुस्तकविक्रेत्याच्या टेबलाचा कोपरा मागा. आणि विषय सोलापूरचा असेल तर सोलापूर विकत घेतं. १९३० च्या मे महिन्यातला इथला उठाव, मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. हा इतिहास इथल्या शाळांत सांगितला जातो आणि हुतात्मा दिन नेमका गड्ड्याच्या दिवसांत येतो. अशा पुस्तकासाठी छपाई डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपलेली हवी. पोलिसांचा गणवेश, टोप्या, गिरण्यांच्या चिमण्या अंदाजानं काढू नका. जुने फोटो बघूनच काढा. २०१२ च्या दुरुस्तीआधी छायाचित्राचा हक्क प्रसिद्धीपासून मोजला जायचा आणि त्या काळी छापून आलेल्या फोटोंचा हक्क त्याआधीच संपला, त्यामुळे ते पाहून काढायला अडचण नाही.

दुकानात प्रती ठेवताना दोन प्रतींत चिठ्ठी करा: तारीख, प्रती, किंमत, कमिशन, हिशेबाचा दिवस. एका दुकानात पाचपेक्षा जास्त ठेवू नका आणि तीन महिन्यांनी स्वतः जा. न विकलेल्या प्रती परत आणा, मळलेल्या आल्या तर त्या वाचायला वाटून टाका.

टपालाचं वजन आधीच काढता येतं. ८० जीएसएमचा एक ए-४ कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे आपलं पुस्तक २५ ग्रॅम. १ मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. एका पुस्तकाला २० रुपये टपाल जड जातं, म्हणून तीन पुस्तकांचा संच करून पाठवा. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असू द्या. पुस्तकं झाकायला पारदर्शक पाकिटं टॉवेल-गारमेंटच्या पॅकिंग मालाच्या दुकानात शेकड्यानं स्वस्त मिळतात. बीओपीपीची, म्हणजे ताठ कुरकुरीत प्लास्टिकची, घ्या. मऊ पीव्हीसीला झेरॉक्सचा टोनर चिकटतो आणि मुखपृष्ठ पाकिटावर उतरतं, आपल्याकडच्या उन्हात तर गाडीच्या डिकीत एका दुपारीत.

कागदपत्रांचं फार ओझं नाही. चित्र काढलं की त्याचा स्वामित्वहक्क आपोआप तुमचा, नोंदणी ऐच्छिक. हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. दुसऱ्यासाठी काम करताना मात्र सगळं लेखी घ्या: चित्र कशासाठी, किती काळ, कुठल्या भाषांत. १९५७ च्या कायद्यानुसार हक्क लेखीच देता येतो, आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कारखान्यातही विचारून घ्या, कारण नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या डिझाइनचा हक्क मालकाचा असतो. कॉमिक त्यांच्या वेळेत, त्यांच्या संगणकावर काढू नका. आयएसबीएन भारतात मोफत मिळतो, पण १६ पानी पुस्तकाला त्याची गरज नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत प्रत पाठवायची असते, तेवढ्या चार प्रती बाजूला काढा. पाचवी हिराचंद नेमचंद वाचनालयात द्या. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पोस्टर, स्टिकर, टी-शर्टला ती सवलत नाही. ठरावीक काळानं निघणारं आणि बातम्यांवर भाष्य करणारं काही काढणार असाल तर ते नियतकालिकात मोडतं आणि २०२३ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. स्वतंत्र कथांना हा प्रश्न येत नाही.

एक साधी वही ठेवा. पुस्तकाचं नाव, छपाईची तारीख, प्रती, एकूण खर्च, कुठे किती ठेवल्या, कोणी घेतल्या, फोन नंबर, कुठल्या पानावर वाचक हसला किंवा अडखळला. पुढचं पुस्तक निघालं की आधी याच लोकांना कळवायचं. पन्नासपैकी दहा प्रती उरल्या की चुका दुरुस्त करून पुढच्या तीस छापायला टाका आणि आतल्या पानावर 'दुसरी आवृत्ती' आणि महिना लिहा. तीन महिन्यांत वीससुद्धा गेल्या नाहीत, तर ते पुस्तक पुन्हा छापू नका. त्याच्या चौकटी काढून ठेवा आणि दुसरी कथा हातात घ्या.